पहिले सर्व्हिसिंग : फुकट किती, पैशाचे किती?



माल विकून चार पैसे हाती येतात, थोडे कर्ज काढले जाते आणि दारात नवी मोटारसायकल उभी राहते. हार घातला जातो, नारळ फुटतो, आळीत पेढे वाटले जातात. महिनाभरात शोरूममधून निरोप येतो, "गाडी पहिल्या सर्व्हिसिंगला आणा." येथून घरात वाद सुरू होतो. म्हातारे वडील म्हणतात, "नव्या कोऱ्या गाडीला झाले काय?" मुलगा म्हणतो, "फुकट आहे, करून टाकू." आणि घरखर्चाचा हिशेब ठेवणारी गृहिणी विचारते, "फुकट आहे तर शेजारच्यांनी पैसे कशाचे भरले?"

आधी वडिलांची शंका घेऊ. नव्या इंजिनात पिस्टन, रिंगा, गिअरचे दाते हे भाग एकमेकांवर घासून बसत असतात. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ही घासण जास्त असते. त्यातून सुटलेला धातूचा बारीक कीस ऑइलमध्ये उतरतो. म्हणून बहुतेक कंपन्या पहिल्याच सर्व्हिसिंगला ऑइल बदलायला सांगतात. शिवाय नवी चेन ताण खाऊन सैल पडते, क्लच आणि ब्रेक पुन्हा जुळवावे लागतात, नट-बोल्ट धक्क्यांनी ढिले होतात. चाके तारांची असतील तर तारांचा ताण कमी होतो. शहरातल्या डांबरी रस्त्यावरच्या गाडीपेक्षा पाणंदीतून दुधाच्या कॅनी वाहणाऱ्या गाडीला हे सारे लवकर होते. नव्या ट्रॅक्टरचे पहिले सर्व्हिसिंग साधारण ५० तासांनी आपण न चुकता करतो, त्यामागचे कारणही हेच आहे.

आता गृहिणीचा प्रश्न. 'फुकट' याचा अर्थ मजुरी फुकट. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत फ्री सर्व्हिसची कुपने असतात, ती या मजुरीची असतात. ऑइल, लागल्यास फिल्टर आणि ग्रीससारखा किरकोळ माल यांचे पैसे गिऱ्हाइकाने द्यायचे असतात. तेव्हा बिलात ऑइलची रक्कम दिसली तर ती लूट नव्हे. मात्र कुपन असताना मजुरी लावली असेल तर ती का, हे तेथेच विचारावे.

ऑइलचे पैसे देताना दोन गोष्टी पाहाव्यात. १०० ते १२५ सीसीच्या गाडीला साधारण एक लिटर किंवा त्याहून थोडे कमी ऑइल लागते. नेमके माप पुस्तिकेत छापलेले असते. बाटली आपल्यासमोर फोडायला सांगावी आणि तिच्यावरची छापील किंमत बिलाशी ताडून घ्यावी. छापील किमतीपेक्षा जास्त घेण्याचा कोणालाही अधिकार नाही.

काही घरांत ट्रॅक्टरच्या ऑइलचा डबा असतोच. "त्यातलेच लिटरभर घालू" हा मोह होतो. तो टाळावा. ट्रॅक्टरचे ऑइल डिझेल इंजिनासाठी बनवलेले असते. आपल्या नेहमीच्या मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात चालतात, म्हणून त्यांचे ऑइल वेगळे असते. चुकीच्या ऑइलने क्लच घसरू शकतो. पुस्तिकेत लिहिलेला ग्रेडच वापरावा. शे-दोनशे रुपये वाचवून हजारोंचे काम ओढवून घेऊ नये.

आता नाही कशाला म्हणायचे तेही सांगतो. काही ठिकाणी काउंटरवरच टेफ्लॉन कोटिंग, इंजिनात घालायचे खास औषध, इंजेक्टरची सफाई, पॉलिश अशा वस्तू सुचवल्या जातात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आला, हे खरे. पण पाच-सातशे किलोमीटर चाललेल्या गाडीच्या इंजेक्टरला सफाईची गरज सहसा नसते. पुस्तिकेतल्या पहिल्या सर्व्हिसिंगच्या तक्त्यात जे काम नाही, त्याला निःसंकोच "नको" म्हणावे. गाडी देताना जॉबकार्डावर कामे आणि अंदाजे खर्च लिहून घ्यावा आणि "न विचारता वाढीव काम करू नये" असे त्यावरच लिहायला सांगावे.

काही जण म्हणतील, ऑइलचे पैसे द्यायचेच तर गावातला आपला मिस्त्री काय वाईट? मिस्त्रीच्या हातात कसब आहे, यात शंका नाही. अडचण वॉरंटीची आहे. ठरलेली सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणी, ठरलेल्या मुदतीत झाली पाहिजेत, अशी बहुतेक कंपन्यांची अट असते. पहिलेच चुकले आणि पुढे इंजिनात मोठा दोष निघाला, तर याच कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो. वॉरंटी संपली की गाडी खुशाल मिस्त्रीकडे न्यावी. तोपर्यंत पंक्चर, किरकोळ दुरुस्ती त्याच्याकडे आणि कुपनाचे काम एजन्सीत, अशी वाटणी ठेवावी.

मुदतीबाबत जपावे. पहिले सर्व्हिसिंग कुठे ५०० ते ७५० किलोमीटरला, कुठे ७५० ते १००० ला असते, आणि त्याबरोबर दिवसांचीही मर्यादा असते. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचे. पेरणीच्या किंवा काढणीच्या घाईत गाडी अंगणात उभी राहिली आणि किलोमीटर भरले नाहीत, तरी दिवस भरतात. म्हणून गाडी घरी आली त्याच दिवशी कॅलेंडरवर तारीख मांडून ठेवावी.

तालुक्याला जायचे म्हणजे दिवस मोडतो आणि मजुरी बुडते, ही तक्रार खरी आहे. तेव्हा बाजारचा दिवस, बँकेचे काम किंवा खते-बियाणांची खरेदी यांना जोडून जावे. आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवावी. गाडी सकाळी लावली तर बाजार आटोपेपर्यंत बहुधा तयार होते.

गाडी परत घेताना लगेच किक मारून निघू नये. चेनचा ताण पाहावा, ब्रेक आणि क्लच दाबून पाहावेत, दिवे लावून पाहावेत, एक फेरी मारावी. पुस्तिकेवर शिक्का, तारीख आणि किलोमीटरची नोंद झाली का ते पाहावे, पक्के बिल मागावे. ही कागदपत्रे आर.सी. आणि विम्याच्या कागदांबरोबर एकाच पिशवीत ठेवावीत. कुपन असूनही मजुरी घेतली, न सांगितलेल्या कामाचे पैसे लावले आणि व्यवस्थापकानेही दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तेथे फी नाही. मात्र हाती बिल हवे.

थोडक्यात, ऑइलचे पैसे द्यावेत, कुपनाच्या मजुरीचे देऊ नयेत, आणि नको असलेल्या कामाचे तर मुळीच देऊ नयेत. एजन्सीत जाताना मुलाबरोबर हिशेब ठेवणाऱ्या गृहिणीनेही जावे. बिल वाचायला तिची नजर उपयोगी पडेल.