पाकिटावर न दिसणारा घटक

पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजेच पीईजी, हा एथिलीन ऑक्साइडचे रेणू साखळीसारखे जोडून बनवलेला पदार्थ असून साखळी जितकी लांब तितका त्याचा रेणुभार जास्त असतो. औषधनिर्मितीत त्यालाच मॅक्रोगोल असेही म्हणतात. बद्धकोष्ठतेवरच्या पावडरीत तो स्वतःच औषध असतो, परंतु गोळ्यांच्या लेपात, मलमांत आणि काही इंजेक्शनांत तो केवळ सहायक घटक, म्हणजे मूळ औषधाला धरून ठेवणारा किंवा विरघळवणारा पदार्थ असतो. तो निष्क्रिय आहे असे दीर्घकाळ मानले गेल्यामुळे वावड्याची चौकशी करताना त्याचे नाव सहसा कोणी काढत नाही.

८ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमध्ये फायझरच्या कोविड लसीकरणास प्रारंभ झाला आणि पूर्वी तीव्र ॲलर्जी असलेल्या दोन आरोग्य कर्मचाऱ्यांना त्रास झाल्याचे लगेच समोर आले. लसीतील स्निग्ध कणांच्या आवरणात पीईजी असल्याने संशय त्याच्यावर गेला. अमेरिकेत पहिल्या सुमारे १९ लाख मात्रांमध्ये ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे श्वास कोंडणाऱ्या आणि रक्तदाब कोसळवणाऱ्या तीव्र प्रतिक्रियेची, २१ प्रकरणे नोंदली गेली. पुढील तपासात मात्र अशा बहुतेक रुग्णांत पीईजीचे वावडे सिद्ध झाले नाही आणि अनेकांनी दुसरी मात्रा विनासायास घेतली. पुण्यात तयार झालेल्या कोविशील्डमध्ये पीईजी नव्हते, त्याच्याशी रचनेने नाते सांगणारे पॉलिसॉर्बेट ८० होते.

लसीवर जेवढी चर्चा झाली तेवढी ती रोजच्या औषधांवर व्हायला हवी होती, कारण पीईजीचे खरे वावडे दुर्मीळ असले तरी ते ओळखले न गेल्यास रुग्णाला पुन्हा पुन्हा जिवावरच्या प्रसंगाला सामोरे जावे लागते. कोलोनोस्कोपीपूर्वी आतडे साफ करण्यासाठी दिलेल्या पीईजीच्या द्रावणाने अंगावर पित्त उठलेल्या रुग्णाला पुढे सांध्यात मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेट टोचले जाते आणि त्याचा घसा आवळू लागतो; नोंद होते ती 'स्टेरॉइडचे वावडे' अशी. वस्तुतः त्या इंजेक्शनच्या प्रचलित रूपात पीईजी ३३५० असते, तर त्याच स्टेरॉइडच्या सक्सिनेट रूपात, जे पाण्यात विरघळते आणि शिरेतून देता येते, ते नसते. चुकीच्या नोंदीमुळे रुग्ण उपयुक्त औषधाला मुकतो आणि अपायकारक घटक मात्र दुसऱ्या पाकिटातून त्याच्यापर्यंत पोहोचतच राहतो, हे अन्यायकारक आहे.

म्हणून सहायक घटकांची नावे पाकिटावर ठळक छापली जावीत, आणि पीईजीच्या बाबतीत रेणुभाराचा आकडाही द्यावा, कारण कमी रेणुभाराचे पीईजी सोसणाऱ्या रुग्णाला जास्त रेणुभाराचे घातक ठरू शकते. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन औषधांनी काही मिनिटांत त्रास झाला असेल, तर डॉक्टरांनी दोन्हींचे घटक ताडून पाहावेत. त्वचेवरील चाचणीनेही अशा रुग्णाला तीव्र प्रतिक्रिया येऊ शकत असल्याने ती ॲड्रेनालिन हाताशी असलेल्या रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावी.