युरो गुणिले शंभर!

परदेशातून ऑफर लेटर आलं की आपण आधी कॅल्क्युलेटर उघडतो. युरो गुणिले शंभर! तुमसरच्या माझ्या इंजिनिअर मावसभावाला २०२५ मध्ये जर्मनीतून ४२ हजारांची ऑफर आली. मावशी खूश. ‘बेचाळीस लाख वर्षाचे! आता कायचा विचार करून राहिला रे?’

पण बॉस, त्या वर्षी ब्लू कार्डासाठी ४८,३०० युरो पगार लागायचा. इंजिनिअरिंग, आयटीसारख्या टंचाईच्या क्षेत्रांतही ४३,७५९.८०. म्हणजे पगार कमी, आणि ब्लू कार्डही नाही! भावाने हाच आकडा कंपनीला मेल केला. सुधारित ऑफर आली ४४ हजारांची.

तरी गुणाकार थांबवा. एकट्या माणसाच्या हातात कर, विमा कापून साधारण दोन-तृतीयांशच पडतात. त्यातून घरभाडं. शिवाय नोकरी बदलता येईल का, तेही बघा. ब्लू कार्डावर पहिल्या वर्षानंतर ते सोपं होतं. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसावर मात्र नवा स्पॉन्सर आणि नवा अर्ज लागतो.

कमी पगार वर्षभर चालून जातो, फ्रेंड्स. फक्त सुटायची वाट आधी माहीत हवी.