आरोग्य-विचार : हितकर औषध, अहितकर मात्रा

ल्युपस या व्याधीत शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच उलटते आणि त्वचा, सांधे, मूत्रपिंडे यांवर आघात करते. रुग्णांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक असते. उन्हाने व्याधी बळावते, म्हणून ऊन टाळावे लागते; ऊन टाळले की त्वचेत निर्माण होणारे ड जीवनसत्त्व घटते. दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडने हाडे ठिसूळ होतात, ते वेगळेच. अशा वेळी डॉक्टर ड जीवनसत्त्व देतात, आणि ते उचितच असते.

संकट उद्भवते ते मात्रेच्या गफलतीतून. ६०,००० युनिटची पुडी अथवा कॅप्सूल सहसा आठवड्यातून एकदा, आणि तीही ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. घरात ती नित्याच्या गोळ्यांच्या डबीत जाऊन पडते आणि रोज घेतली जाऊ लागते. देखरेखीविना प्रौढाने दिवसाला ४,००० युनिटची मर्यादा ओलांडू नये, असे मानले जाते. येथे ती पंधरा पटींनी ओलांडली जाते. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे म्हणून थेंबांचे औषध आणले, तर त्याचीही मात्रा नव्याने विचारून घ्यावी.

हे जीवनसत्त्व मेदात साठते. औषध थांबविले तरी त्याचा प्रभाव कित्येक आठवडे टिकतो. रक्तातील कॅल्शियम वाढते. मग मळमळ, बद्धकोष्ठ, अतिशय तहान, वारंवार लघवी, थकवा, मनाचा गोंधळ अशी लक्षणे दिसू लागतात. घरची मंडळी ‘ल्युपसच उसळला’ असे समजून स्वस्थ राहतात; इकडे आधीच दुबळी झालेली मूत्रपिंडे निकामी होण्याच्या मार्गावर असतात. कॅल्शियमच्या गोळ्या किंवा थायझाइड वर्गातील लघवीची औषधे चालू असल्यास धोका वाढतो. शरीरातील पाणी घटले तर तो आणखी तीव्र होतो. म्हणून अशा रुग्णाने उपवास वा चौविहार डॉक्टरांच्या संमतीनेच करावा.

व्यापारी घरात पै-पैची नोंद ठेवली जाते. तशीच औषधाचीही ठेवावी : नाव, युनिट, वार आणि शेवटची तारीख. रक्तातील ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन यांची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. वरील लक्षणे दिसताच ड जीवनसत्त्व थांबवून त्वरित डॉक्टरांना गाठावे. स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनाने एकाएकी कदापि बंद करू नये.