ऊन फुकट, पण छप्पर कोणाचे?

चवथीला आमच्या मूळ घरी सगळे जमलो होतो. आरत्या आटोपल्या, पाने वाढायला अजून वेळ होता, तेवढ्यात चुलतभावाने खिशातून एक रंगीत पत्रक काढले. ‘तुमच्या छपरावर तुमचा पेट्रोल पंप! आयुष्यभर फुकट गाडी चालवा.’ खाली हसरे कुटुंब, मागे निळ्या काचांचे छप्पर आणि दारात विजेवरची गाडी.

‘तू सरकारी माणूस. हे खरे की थाप?’ त्याने विचारले.

मी कारकून, कलाशाखेचा पदवीधर. वीज म्हणजे मला बिलापुरतीच कळणारी गोष्ट. पण दोन वर्षांपासून विजेवरची स्कूटर चालवतो, त्यामुळे थोडा हिशोब तोंडपाठ झाला आहे. तोच इथे मांडतो, कारण हे पत्रक थाप नाही. ते अर्धे सत्य आहे, आणि थापेपेक्षा अर्धे सत्य महागात पडते.

फोंड्याहून पणजीला जाऊन येऊन साधारण ६० किलोमीटर होतात. चांगली स्कूटर १०० किलोमीटरला तीन युनिटांच्या आसपास वीज खाते. चार्जिंगमध्ये वाया जाते ते धरून माझे रोजचे दोन, सव्वादोन युनिट. छपरावरचे एक किलोवॅटचे पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास देतात आणि त्यांना शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. म्हणजे अर्ध्या किलोवॅटवर माझी नोकरी निभते. लहान मोटारीला त्याच अंतरासाठी नऊ-दहा युनिट धरा, म्हणजे अडीच किलोवॅट झाले. अशक्य काहीच नाही. इथवर पत्रकवाल्याशी माझे भांडण नाही.

भांडण पुढे आहे. पेट्रोलची स्कूटर होती तेव्हा याच ६० किलोमीटरना मला सव्वाशे रुपयांच्या घरात पेट्रोल लागायचे. आता विजेचे लागतात फार तर पंधरा रुपये, कारण घरगुती वीज गोव्यात स्वस्त आहे. ही जी रोजची शंभराच्या वरची बचत आहे, ती स्कूटरने केली. पॅनलने नव्हे! पॅनल बसवले तर वाचतील ते उरलेले पंधरा. पत्रकवाला दोन्ही बचतींची बेरीज करतो आणि सगळे श्रेय पॅनलला देतो. कचेरीत असा हिशोब कोणी फाईलीवर मांडला तर तपासणीस लाल शेरा मारील.

मग पॅनल नकोतच का? हवेत, आणि त्याचे कारण बिलापेक्षा मोठे आहे. गोव्यात म्हणावे असे मोठे वीजकेंद्र नाही. आपली वीज बाहेरून येते आणि तिच्यात दगडी कोळशाचा वाटा मोठा. २०२० साली मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या प्रकल्पांविरुद्ध गोव्यात चळवळ उभी राहिली. त्यातल्या एका वीजवाहिनीचे नावच तमनार. हे तमनार छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यातले, कोळशाच्या मुलखातले. आपण आपली झाडे तोडून त्या मुलखाची वीज आणायची, ती गाडीत भरायची आणि गाडीला हिरव्या रंगाची नंबरप्लेट लावून मिरवायचे. यात काहीतरी चुकते, एवढे कलाशाखेलाही समजते.

आणि इथेच छपरावरच्या पॅनलची दुसरी गोम आहे. सूर्य तापतो तेव्हा माझी स्कूटर पणजीत असते. ती घरी येते संध्याकाळी, पंखे-एसी सुरू होतात त्या वेळी. ‘नेट मीटरिंग’मध्ये दिवसाची वीज आपण तारेत सोडतो आणि रात्री परत घेतो. बिल जुळते, म्हणून या सोयीला माझा विरोध नाही. पण बँकेत ठेवलेली नोट परत मिळत नाही, दुसरी मिळते, तसेच हे. रात्री स्कूटरमध्ये शिरते ती बहुतेक कोळशाचीच वीज. शिवाय वीज गेली की बॅटरी नसलेले साधे पॅनलही बंद पडतात, खांबावरच्या लायनमनला झटका बसू नये म्हणून. लख्ख उन्हात छपरावर पॅनल आणि घरात अंधार, हा देखावा पत्रकात छापत नाहीत.

कोणी म्हणतील, गोव्यात चार महिने पाऊस, त्याचे काय? हा आक्षेप मला तितका जड वाटत नाही. पावसाळ्यात वीज निम्म्याजवळ येईल, उन्हाळ्यात भरून निघेल. माडांची सावली जास्त नडते. एका पॅनलवर झावळी सावली टाकू लागली की त्याच्या जोडीने बांधलेल्या इतरांचाही जोर जातो. झावळ्यांशी एक वेळ तडजोड होईल. खरी अडचण कागदाची आहे.

केंद्राची ‘सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून अधिक असेल तर ७८ हजार रुपये अनुदान. योजना चांगली आहे. फक्त तिची पहिली पायरी पाहा: अर्जदाराच्या मालकीचे घर आणि पॅनल बसण्याजोगे छप्पर. आता गोव्यात अशी छपरे मोजायला बसा. आमचे मूळ घर आजोबांच्या नावावर. वाटण्या झालेल्या नाहीत, वारस अकरा, त्यातले दोघे परदेशात. शंभर वर्षांचे वासे आणि मंगळुरी कौले पॅनलचा भार पेलतील की नाही ते सुतार सांगेल, पण अकरा सह्या कोण आणणार? मुंडकारांची घरे भाटकाराच्या जमिनीत. त्यांना कायदा मिळाला १९७५ साली, तरी मालकीचा कागद हाती न आलेली घरे आजही आहेत. आणि मी राहतो त्या फोंड्याच्या इमारतीत गच्ची बिल्डरची की सोसायटीची, यावर अजून वाद चालू आहे. पार्किंगमध्ये स्कूटर चार्ज करायला मीटरपासून वायर ओढली तेव्हा सभेत माझ्यावर तासभर चर्चा झाली होती.

म्हणजे अनुदान मिळणार ज्याचे छप्पर मोकळे आणि कागद स्वच्छ, त्याला. त्याची मोटारही मोठी असणार. भाड्याच्या खोलीतून कारखान्यात जाणाऱ्याने पेट्रोल भरावे आणि वर त्याला पर्यावरणाचा उपदेश ऐकवावा, हे मला पटत नाही. २०२३ च्या जुलैत मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले होते, की जानेवारी २०२४ पासून पर्यटकांना भाड्याने द्यायची नवी वाहने विजेवरचीच असतील. वाहन कुठले असावे हे ठरवणे सोपे असते. ते रोज रात्री कुठल्या भिंतीवरच्या प्लगला लावायचे, हा प्रश्न घोषणेत नसतो.

माझे म्हणणे साधे आहे. गाडी दिवसा जिथे उभी असते तिथे पॅनल लावा. पाटोच्या कचेऱ्या, मामलेदार कचेऱ्या, इस्पितळे, महाविद्यालये, बसस्थानके. या छपरांची मालकी सरकारची, अकरा सह्या लागत नाहीत. पार्किंगवर पॅनलची शेड घाला आणि खांबाखांबाला साधा १५ अँपिअरचा प्लग आणि मीटर द्या. स्कूटरला आठ तास मिळतात, जलद चार्जरचा थाट नको. पैसे आम्ही भरू, फुकट कोणी मागत नाही. उन्हाची वीज उन्हातच वापरली जाईल, आणि पावसात रेनकोट काढायला आडोसा मिळेल तो वेगळाच.

सोसायट्यांसाठी त्याच योजनेत चार्जिंगसह सामायिक सोयींना किलोवॅटमागे १८ हजार रुपयांची तरतूद आहे. आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत हे वाचून दाखवा. गच्चीचा वाद मिटवायला तेवढे तरी निमित्त होईल.

चुलतभावाला मी सांगितले, आधी स्कूटर घे, पॅनलचे मागाहून बघू. तो म्हणाला, ‘मग तुमच्या कचेरीत का नाही लावत?’

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी रोज सकाळी साडेनऊला स्कूटर उन्हात लावतो आणि संध्याकाळी पावणेसहाला काढतो. एवढे आठ तास आमच्या पार्किंगमध्ये सूर्य इमानेइतबारे कामावर असतो, आणि त्याच्याकडून आम्ही फक्त सीट तापवून घेतो.