हनुवटी कच्ची म्हणजे पोरगं कच्चं नव्हे



आता मुलं आणि मुलीही बॉक्सिंगच्या क्लासला जायला लागल्यात. मेरी कोम, निखत झरीन ही नावं त्यांना पाठ असतात. चांगलंच आहे. पण या खेळाबरोबर एक शब्द आपल्या घरात आणि वर्गात शिरतो, त्याबद्दल आज लिहायचं आहे. तो शब्द म्हणजे 'ग्लास चिन', काचेची हनुवटी. एका ठोशात समोरच्याला झोपवणारा, पण स्वतःला एक बसला की आडवा होणारा बॉक्सर दिसला की लोक हसून म्हणतात, "ह्याची हनुवटी काचेची." हसणं एकवेळ ठीक. त्यामागे 'हा भित्रा, ह्याच्यात दम नाही' असा जो निकाल असतो, तो मला साफ अमान्य आहे.

आधी शास्त्र बघू, कारण ते तिसरी-चौथीच्या मुलालाही सांगता येतं. दार बिजागरीजवळ ढकलून बघा आणि मग कडीजवळ ढकला. कडीजवळ ते चटकन फिरतं. आपलं डोकं मानेवर फिरतं आणि हनुवटी त्याच्या पार टोकाला, म्हणजे कडीच्या जागी. तिथे बाजूने ठोसा बसला की डोकं झटक्यात वळतं. पाण्याची बादली गर्रकन फिरवली तर बादली फिरते, आतलं पाणी क्षणभर मागे राहतं. कवटीत मेंदूचं साधारण असंच होतं. तो मागे ओढला जातो, पिळला जातो, आणि माणसाची शुद्ध जाते. यात धैर्याचा प्रश्न येतोच कुठे? मान जाड असेल, ठोसा येताना दिसला असेल, तर थोडा फरक पडतो. न दिसलेला ठोसा सगळ्यात वाईट. पण व्यायाम करून हनुवटी 'पक्की' होत नाही. उलट जितके फटके जास्त, तितकी पुढे शुद्ध लवकर हरपते.

आता फ्लॉइड पॅटरसन यांची गोष्ट ऐका. न्यूयॉर्कमधला गरीब घरातला, लाजाळू, शाळा बुडवणारा, छोट्या चोऱ्या करणारा मुलगा. दहा वर्षांचा असताना त्याला विल्टविक नावाच्या सुधारशाळेत पाठवलं. आपलं आयुष्य त्या शाळेनं वळवलं, असं ते पुढे आवर्जून सांगत. (आपल्या धंद्यातल्या माणसांनी हे लक्षात ठेवावं.) १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. १९५६ साली आर्ची मूर यांना पाडून एकविसाव्या वर्षी हेवीवेट विश्वविजेता, तोपर्यंतचा सगळ्यात तरुण. त्यांचा डावा हूक असा, की उडी मारून येत आणि समोरचा कोसळे.

पण हनुवटी कच्ची. १९५९ साली स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने त्यांना तिसऱ्या राउंडमध्ये सात वेळा खाली पाडलं. सात वेळा! सातव्यांदा पंचांनी लढत थांबवली. लोक 'सात वेळा पडला' एवढंच मोजतात. मी वर्गात विचारीन, "बाळांनो, सातव्यांदा पडायला आधी किती वेळा उठावं लागतं?" वर्षभरात तोच माणूस पुन्हा त्याच योहान्सनसमोर उभा राहिला आणि पाचव्या राउंडमध्ये डाव्या हूकने त्याला बेशुद्ध केलं. गमावलेलं हेवीवेट विजेतेपद परत मिळवणारा तो पहिलाच. अशा माणसाला दम नाही म्हणायचं?

मात्र त्यांनी स्वतःच ती लाज मनाला लावून घेतली होती. १९६२ साली शिकागोत सनी लिस्टनने त्यांना पहिल्याच राउंडमध्ये गारद केलं. लिस्टन सुमारे ९७ किलोचा, हे ८६ किलोचे. त्या रात्री पॅटरसन खोटी दाढी-मिशी लावून गावाबाहेर पडले, कुणी ओळखू नये म्हणून. मला ठोशांपेक्षा ती दाढी जास्त टोचते. शरीराच्या एका मर्यादेपायी विश्वविजेत्याला तोंड लपवावंसं वाटावं, इतकं आपण सगळे प्रेक्षक मिळून त्या माणसाला ऐकवत असतो.

मग ताकदवान पण कच्च्या हनुवटीच्या खेळाडूचं काय करायचं? याचं उत्तर मला इमॅन्युएल स्टुअर्ड या प्रशिक्षकांकडे सापडतं. १९९४ साली ऑलिव्हर मकॉलने लेनॉक्स लुईसला दुसऱ्या राउंडमध्ये एका उजव्या ठोशात पाडलं, तेव्हा मकॉलचे गुरू स्टुअर्ड होते. लुईसने काय करावं? चिडण्याऐवजी त्यांनाच आपला गुरू केलं. आपली उणीव ज्याला सापडली, त्याच्याकडेच शिकायला गेला!

पुढे व्लादिमिर क्लिच्को त्यांच्याकडे आला. युक्रेनचा, साडेसहा फूट उंच, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, ठोसा म्हणजे घणाचा घाव. २००३ साली कोरी सँडर्सने त्याला दोन राउंडमध्ये संपवलं, २००४ साली लॅमन ब्रूस्टरने पाचव्यात. पत्रकार म्हणाले, संपला. स्टुअर्ड यांनी त्याला 'सहन कर' असं शिकवलं नाही. लांब डावा जॅब मारत समोरच्याला हातभर दूर ठेव, आणि तो जवळ आलाच तर मिठी मारून अडकव, हे शिकवलं. २००५ साली सॅम्युएल पीटरने त्याला तीनदा पाडलं, तरी बारा राउंड पूर्ण करून जिंकला क्लिच्कोच. त्यानंतर २००६ ते २०१५ तो विजेता राहिला. लोक कंटाळवाणा म्हणायचे. मला तर तो फार हुशार विद्यार्थी वाटतो. हनुवटी तीच होती, फक्त ती आता कुणाच्या हाती लागत नव्हती.

जोरात मारणाऱ्यांचंच असं का होतं? माझं मत सांगतो. त्यांच्या लढती लवकर संपतात, त्यामुळे बचाव शिकायची वेळच येत नाही. शिवाय जोरात मारायला पाय रोवून जवळ जावं लागतं, आणि मारणारा हात तेवढ्यापुरता हनुवटीपासून दूर जातो. पोराचा ठोसा बघून टाळ्या वाजवणारे पुष्कळ, पण हात परत हनुवटीपाशी आला का, हे कोण बघतं? वर्गातही पटकन उत्तर देणाऱ्या मुलाचं आपण असंच करतो, पण तो विषय परत कधीतरी.

पालकहो, क्लासमध्ये "मार खायची सवय झाली पाहिजे" असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. अशी सवय मेंदूला होत नसते. मार खाऊन खाऊन बॉक्सरांना होणाऱ्या मेंदूच्या आजाराबद्दल हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी १९२८ सालीच लिहून ठेवलंय. पॅटरसन पुढे न्यूयॉर्क राज्याच्या बॉक्सिंग मंडळाचे प्रमुख झाले. १९९८ साली त्यांना ते पद सोडावं लागलं. एका जबानीत, ज्याला हरवून विश्वविजेते झालो त्या आर्ची मूर यांचं नावही त्यांना आठवेना. २००६ साली ते गेले, तेव्हा त्यांना अल्झायमर होता.

म्हणून क्लास लावताना प्रशिक्षकांना विचारा: मुलांना एकमेकांशी लढायला कधी उतरवता, पहिले काही महिने फक्त पाय आणि गार्ड शिकवता का? डोक्याला लागलं तर किती दिवस घरी ठेवता, आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय परत घेत नाही ना? हेडगार्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. त्याने कापणं-फुटणं कमी होतं, बादलीतलं पाणी हलायचं राहत नाही. मूल घरी येऊन डोकं दुखतंय, मळमळतंय, उजेड सहन होत नाही म्हणालं, तर त्याला नाजूक म्हणू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांनाही कळवा, म्हणजे आम्ही त्याला पीटीच्या तासाला पळवणार नाही.