कोडं फुकट, पट्टा मात्र कायद्यानं
जुन्या अमेरिकन मोटार कंपन्यांची प्लास्टिकची कोडी आता हौशी लोक जमवतात. खिशात मावणारी चौकट, सरकणारे तुकडे, वर गाडीचं नाव. जाहिरात म्हणून फुकट वाटलेली. दिसतात गोड, मलाही आवडतात.

पण ती बघून कुणी 'तेव्हा कंपन्या गिऱ्हाइकाला जपायच्या' म्हटलं की डोकं फिरतं. अहो, कसलं जपणं! १९६५ साली सिनेटच्या सुनावणीत रॉबर्ट केनेडींनी जनरल मोटर्सला धारेवर धरलं. आदल्या वर्षीचा नफा किती? १७० कोटी डॉलर. आणि अपघातांच्या अभ्यासावर खर्च? साडेबारा लाख! म्हणजे हजार रुपयांमागे पाऊण रुपयासुद्धा नाही. देशभर नव्या गाड्यांत सीटबेल्ट सक्तीचे झाले १९६८ पासून, तेही सरकारनं कान पिळल्यावर. कोडी वाटायला मात्र कायदा लागला नव्हता.

आपण तरी काय वेगळे? पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या व्हायला इथे २०२२ उजाडलं. आणि शोरूममध्ये आपली घासाघीस अजून मॅट नि सीटकव्हर फुकट मिळण्यावरूनच. दसऱ्याला गाडी घेताय ना? मग क्रॅश टेस्टमध्ये स्टार किती, ते आधी विचारा. सेल्समन चाचरला तर मॅट त्यालाच ठेवू द्या.