मुद्दल राखणारा देश



बँकेच्या सेवेत असताना थकीत कर्जांची अनेक प्रकरणे माझ्या हाताखालून गेली. अडचणीतला कर्जदार हप्ता भागविण्यासाठी प्रथम मालसाठा विकतो, मग यंत्रे. आणि शेवटी ज्याच्या बळावर धंदा उभा, तेच गमावून बसतो. एका छोट्या राष्ट्राने हा मोह कसा आवरला, ते यावेळी पाहू.

हिंदी महासागरातील सेशेल्स हा ११५ बेटांचा देश. लोकसंख्या सुमारे १ लाख. जमीन पाचशे चौरस किलोमीटरांहूनही कमी. परंतु हक्काचा समुद्र सुमारे १३.५ लाख चौरस किलोमीटर. पर्यटन आणि मासेमारी हेच उपजीविकेचे मुख्य आधार, आणि दोन्ही समुद्राच्या आरोग्यावर अवलंबून. २००८ साली हा देश परकीय कर्जाचे हप्ते फेडू शकला नाही. अशा वेळी समुद्र ओरबाडून पैसा उभा करणे सोपे होते.

त्याऐवजी तेथील शासनाने वेगळाच करार केला. 'द नेचर कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेच्या साहाय्याने सुमारे २.१६ कोटी डॉलरचे कर्ज धनको राष्ट्रांकडून काही सवलतीत परत विकत घेतले. आता त्याचे हप्ते परदेशी धनकोंकडे न जाता २०१५ मध्ये स्थापन झालेल्या स्थानिक विश्वस्त निधीकडे जातात. त्यातील काही भाग नव्या कर्जाच्या परतफेडीस आणि काही निसर्गसंवर्धनास मिळतो. मोबदल्यात शासनाने ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचे वचन दिले. पूर्वी हे प्रमाण एक टक्काही नव्हते. मच्छीमार, पर्यटन व्यावसायिक आणि शास्त्रज्ञ यांच्याशी अनेक वर्षे विचारविनिमय करून नकाशे आखले गेले आणि मार्च २०२० मध्ये वचन पूर्ण झाले. हे क्षेत्र ४ लाख चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून मोठे आहे. निम्म्या भागात मासेमारी व खनिज-उत्खनन यांस जवळजवळ पूर्ण मनाई आहे. उरलेल्यात मर्यादित वापरास मुभा आहे. महाकाय कासवांचे अल्डाब्रा बेट पहिल्या भागात येते.

यात सारे सुरळीत आहे असे नव्हे. इतक्या विस्तीर्ण सागरावर पहारा ठेवणे लहान देशास कठीण. शिवाय १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापल्याने तेथील प्रवाळांची मोठी हानी झाली. ते तापमान कोणत्याही एका देशाच्या नियोजनाने उतरणार नाही. त्याचे देणे साऱ्या जगाच्या नावे आहे.

तरीही या व्यवहारातील विवेक मला मोलाचा वाटतो. मासळी हे व्याज, समुद्र हे मुद्दल. व्याजावर संसार चालवावा, मुद्दल पुढच्या पिढीच्या हाती सोपवावे, हे पेढीवर बसणाऱ्यास नव्याने शिकवावे लागत नाही. मात्र निसर्गाच्या खात्यातून उचल करताना हाच हिशेब आपण मांडतो का, हे ज्याने त्याने आपल्या वहीत तपासून पाहावे.